चाक नागपुरात पडलं, बातमी मुंबईत झाली: एका एअर ॲम्ब्युलन्सच्या वार्तांकनाचा प्रकरण अभ्यास

६ मे २०२१, गुरुवार. करोनाच्या दुसऱ्या लाटेनं विदर्भ पिळून निघाला होता. नागपुरात एका खाटेसाठी लोक रात्र रात्र फोन लावत होते, आणि ज्यांना परवडत होतं ते आपल्या माणसाला विमानानं हैदराबादला हलवत होते. त्या दिवशी सोनेगावहून, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून, एका खासगी कंपनीची एअर ॲम्ब्युलन्स उडाली. बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० जातीचं दोन इंजिनांचं छोटं विमान, नोंदणी व्हीटी-जेआयएल. आत पाच जण होते: दोन वैमानिक, एक डॉक्टर, एक पॅरामेडिक आणि रुग्ण. उड्डाण घेतानाच विमानाचं एक चाक निखळून खाली पडलं.

विमान मुंबईला उतरवायचं ठरलं. तिथे पूर्ण आणीबाणी जाहीर झाली, धावपट्टीवर फोम पसरला गेला, आणि रात्री नऊच्या सुमारास वैमानिकानं विमान चाकांवर न उतरवता पोटावर उतरवलं. पाचही जण सुखरूप बाहेर आले. तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी वैमानिकाच्या प्रसंगावधानाचं जाहीर कौतुक केलं, आणि देशभरच्या माध्यमांनी ते उचलून धरलं. कौतुक योग्यच होतं. रात्रीच्या वेळी, आत रुग्ण असताना, असं विमान पोटावर सरळ रेषेत थांबवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे.

मी पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. खासगी विमानांच्या बातम्या माध्यमं नीट देतात का, असा विषय वर्गात निघाला की मी हेच प्रकरण घेते, कारण यात वावगं असं काही छापून आलंच नव्हतं. कुणावर चिखलफेक नाही, श्रीमंतांच्या चैनीवर ताशेरे नाहीत, घातपाताच्या शंका नाहीत. एका मुलानं मला विचारलंही, "मॅडम, बातमी तं चांगलीच होती ना, मग अन्याय कोणावर झाला?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की कौतुकाच्या बातमीतूनही अन्याय होतो. टीकेच्या बातमीला निदान कुणीतरी हरकत घेतं, खुलासा पाठवतं, वकिलाची नोटीस धाडतं. कौतुकाच्या बातमीवर कुणी हरकत घेत नाही, म्हणून तिच्यात राहून गेलेलं कायमचं राहून जातं.

एरवी ही विमानं बातमीत येतात कधी

सोनेगावला प्रवासी विमानांखेरीज बरंच काही उडतं-उतरतं. वायुसेना आहे. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात एअर इंडियासाठी बोइंगनं उभारलेलं देखभाल केंद्र आहे. जुना फ्लाइंग क्लब आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की चार्टर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या, विमानांची ये-जा वाढते. रुग्णांना नेणारी, कधी कुणाचं हृदय किंवा फुप्फुसं दुसऱ्या शहरात पोचवणारी विमानं आहेत. यातलं आपल्या पेपरात काय येतं? नेता चढला किंवा उतरला तर येतं, आणि विमान पडलं तर येतं. अवयवांची ग्रीन कॉरिडॉरची बातमीही विमानतळाच्या फाटकापर्यंत येऊन संपते. पुढे विमान कुणाचं, खर्च कुणाचा, रात्री उड्डाण शक्य झालं कसं, हे त्यात नसतं.

नेत्यांच्या बाबतीतही विमान निमित्तालाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात यवतमाळ जिल्ह्यात वणीला उद्धव ठाकरे यांच्या बॅगा हेलिपॅडवर तपासल्या गेल्या. तो व्हिडिओ दिवसभर फिरला, मग दुसऱ्या पक्षांच्या नेत्यांच्याही बॅगा तपासल्याचे व्हिडिओ आले. प्रचारासाठी भाड्यानं घेतलेल्या हेलिकॉप्टरांचा खर्च कोणाच्या खात्यात कसा मांडला जातो, हा त्यातला खरा निवडणुकीचा प्रश्न होता, आणि तो सगळ्याच पक्षांना विचारता आला असता. त्याला बॅगांइतकी जागा मिळाली नाही.

विमान पडलं की गोंधळ वेगळा. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळलं. आतले दोघंही गेले. पहिल्या काही बातम्यांत ते चार्टर विमान म्हणून चाललं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला या फरकानं काय होणार, असं कुणी म्हणेल. पण बातमीदाराला फरक पडतो. खासगी वापरासाठी नोंदलेल्या विमानाला भाडं घेता येत नाही. भाडं घेऊन उडायचं तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचा, वेगळा परवाना लागतो, आणि शिकवायचं तर प्रशिक्षण संस्था म्हणून वेगळी मान्यता. विमान कोणत्या वर्गातलं यावरून जाब कुणाला विचारायचा ते ठरतं. वर्गच चुकला तर पुढचे सगळे प्रश्न चुकीच्या दारावर जातात.

पहिली रात्र

आता मूळ प्रकरणाकडे. पहिल्या बातम्यांत विमान नागपूरहून हैदराबादला निघालं होतं, असं आलं. त्या दिवसांत नागपूरहून हैदराबादला रुग्ण जातच होते, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. नंतरच्या काही बातम्यांत वेगळं आलं: विमान बागडोगऱ्याहून मुंबईला चाललं होतं आणि नागपूरला इंधनासाठी थांबलं होतं. पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाचा रुग्ण आणि नागपूरचा रुग्ण, यात नागपूरकर वाचकाला केवढा फरक पडतो! आपल्याकडचं कोण होतं, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. पहिल्या तासात तयार झालेल्या हैदराबादवाल्या प्रती इंटरनेटवर अजूनही तशाच सापडतात, खाली दुरुस्तीची ओळ नाही. मुंबई आणि दिल्लीच्या डेस्कला नागपूर हा मधला थांबा होता. पण नागपूरच्या बातमीदारानं विमानतळावर एक फोन करून रुग्ण इथून चढला की आधीपासून आत होता एवढं विचारलं असतं, तर हा गुंता निदान इथल्या वाचकांपुरता सुटला असता.

विमान मुंबईला गेलं आणि बातमीही त्याच्या पाठोपाठ गेली. तिथे कॅमेरे होते, फोमनं पांढरी झालेली धावपट्टी होती, पोटावर बसलेलं विमान होतं. चित्र तिकडे होतं, हे मी समजू शकते. पण चाक इथे पडलं होतं. चाक पडल्याचं विमानतळाच्या सुरक्षेवर असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानाच्या नजरेस पडलं, त्यानं लगेच कळवलं, आणि पुढची सगळी तयारी त्या निरोपावर उभी राहिली. विमानातल्या माणसांना चाकांची स्थिती दाखवणारे दिवे विमानाचे पाय, म्हणजे चाकं ज्यांना बसवलेली असतात ते दांडे, बाहेर आहेत की आत एवढंच सांगतात. पायाच्या टोकाला चाक आहे की नाही, हे ते दिवे सांगत नाहीत. म्हणजे जमिनीवरून कुणी पाहिलं नसतं, तर काय झालं असतं याचा विचार करून पाहा. या जवानाची बातमी आली, पण नंतर आणि लहान. पहिल्या रात्रीच्या कथेत नायकाची एकच जागा होती आणि ती भरली होती.

चाकाजवळचे प्रश्न

दुसऱ्या दिवशी, ७ मेला, नागपूरच्या पानावर काय छापता आलं असतं? मी मुलांना हाच सराव देते. अट एकच: कारणाबद्दल अंदाज करायचा नाही. चाक का निखळलं हे चौकशीनं ठरवायचं, बातमीदारानं नव्हे. मुलं सुरुवातीला म्हणतात, मग लिहायला उरतं काय? बरंच उरतं.

किंग एअर सी-९० च्या दोन मुख्य पायांना प्रत्येकी एकच चाक असतं. त्याच घराण्यातल्या मोठ्या किंग एअर २०० ला प्रत्येक पायाला दोन असतात. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं उलगडतं. दोन चाकांतलं एक गेलं असतं तर उरलेल्या एकावर निभावण्याची शक्यता होती. इथे एक गेलं म्हणजे त्या बाजूला नुसता धातूचा दांडा उरला. तसंच उतरलं तर दांडा जमिनीला घासताच विमान त्या अंगाला गरकन वळण्याचा, पंख टेकून आग लागण्याचा धोका. म्हणून पोटावर. पोटावर उतरताना पंखे जमिनीला लागून वाकतात, इंजिनांना धक्का बसतो, खालचा पत्रा सोलवटून निघतो, म्हणजे विमानाचं मोठं नुकसान होतं. ते पत्करून विमान सरळ ठेवायचं, असा तो निर्णय होता. वैमानिकाचं खरं कौतुक करायचं तर हा निर्णय वाचकाला समजावून सांगायला हवा होता. 'चमत्कार' म्हटलं की त्याचं कसब आपण देवाच्या खात्यावर जमा करतो.

इंधनाचंही तसंच. मोठ्या जेट विमानांपैकी काहींना हवेत इंधन सोडून देता येतं. एवढ्या लहान विमानात ती सोय नसते, ते जाळावंच लागतं. टाकी जितकी रिकामी, तितका उतरताना आगीचा धोका कमी. इंधनासाठी नागपूरला थांबलेलं विमान भरल्या टाकीनं निघालेलं असणार, हे बागडोगऱ्याच्या माहितीशी जोडून पाहिलं की लक्षात येतं. मार्गाची चूक किरकोळ वाटते, पण ती अशी पुढच्या समजुतीत शिरते.

मग, विमान मूळचं मुंबईलाच चाललेलं असलं तरी, नागपूरला न परतता मुंबईच का? बऱ्याच जणांनी गृहीत धरलं की मुंबईची धावपट्टी मोठी म्हणून. नागपूरची धावपट्टीही ३,२०० मीटरची आहे. मोठी प्रवासी विमानं तिच्यावर आरामात उतरतात, किंग एअरला तर तिच्या निम्मीही नको. तेव्हा केवळ लांबीनं उत्तर मिळत नाही. मुंबईच्या विमानतळाचं अग्निशमन सर्वांत वरच्या श्रेणीचं आहे. नागपूरकडे त्या रात्री फोम आणि बंब किती होते, पोटावर उतरलेलं विमान हलवून धावपट्टी मोकळी करायला किती वेळ लागला असता, हे तेव्हा विमानतळ चालवणाऱ्या मिहान इंडियाला विचारायचे प्रश्न. विदर्भातल्या प्रत्येक प्रवाशाचा त्यांच्याशी संबंध आहे, कारण उद्या अशी वेळ दीडशे माणसांच्या विमानावर येऊ शकते, आणि तेव्हा मुंबईपर्यंत जाता येईलच असं नाही. त्या काळात नागपूर विमानतळाच्या बातम्यांची जागा खासगीकरणाच्या वादानं व्यापलेली होती. जीएमआर या खासगी कंपनीला विमानतळ चालवायचं कंत्राट मिळायचं की नाही यावर उच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागला. कोण चालवणार यावर रकानेच्या रकाने आले. वाईट प्रसंगी हे विमानतळ किती तयार आहे, यावर त्या मानानं काहीच नाही.

आणखी एक प्रश्न, माझ्या मते सगळ्यांत नागपूरचा. चाक पडल्यावर धावपट्टीचं काय झालं? चाकाबरोबर धातूचे तुकडे, बेअरिंगचे भाग सांडलेले असू शकतात, आणि धावपट्टीवरचा तुकडा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जुलै २००० मध्ये पॅरिसला कॉनकॉर्ड जळून कोसळलं, त्याची सुरुवात आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून पडलेल्या धातूच्या एका पट्टीपासून झाली. ११३ माणसं गेली, त्यातली चार जमिनीवरची. सोनेगावला त्या दिवशी पुढचं विमान सोडण्याआधी धावपट्टी कुणी तपासली, ती किती वेळ बंद होती, चाक कुठे सापडलं, ते कुणाच्या ताब्यात दिलं? या बातमीला कल्पनेचा एक शब्दही लागत नाही. ती मला वाचायला मिळाली नाही.

आमच्या भागात राहणारे एक निवृत्त देखभाल अभियंते मला म्हणाले होते, की उड्डाणापूर्वी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो तेव्हा टायर दिसतो, त्यातली हवा दिसते, तेल गळत असेल तर तेही दिसतं, पण चाकाच्या पोटातली बेअरिंगं दिसत नाहीत. ती दिसतात कार्यशाळेत, चाक उतरवल्यावर. हे सर्वसाधारण ज्ञान आहे, या विमानाबद्दल त्यावरून काहीच निष्कर्ष निघत नाही. पण एवढं वाचकाला माहीत असतं, तर 'वैमानिकानं आधी पाहिलं नाही का' हा टोमणाही कुणी मारला नसता, आणि 'वैमानिक हिरो' एवढ्यावर समाधानही मानलं नसतं. त्याची नजर गेली असती त्या कार्यशाळेच्या नोंदवहीकडे.

त्याच वर्षीचं दुसरं विमान

२७ ऑगस्ट २०२१ ला बांगलादेश बिमानचं बोइंग ७३७ मस्कतहून ढाक्याला चाललं असताना वैमानिकाला हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकानं विमान नागपूरला उतरवलं. सव्वाशेच्या आसपास प्रवासी सुखरूप राहिले, वैमानिकाला इथल्या रुग्णालयात दाखल केलं, आणि ३० ऑगस्टला त्यांचं निधन झालं. ते चार दिवस नागपूरच्या माध्यमांनी हा विषय सोडला नाही. प्रकृतीची माहिती, कुटुंबीयांचं येणं, डॉक्टरांचं म्हणणं, पार्थिव ढाक्याला नेण्याची व्यवस्था, सगळं आलं, आणि बहुतेक संयमानं आलं.

विमानतळ तेच, वर्ष तेच, शहर तेच. मग फरक का? मुलं चटकन म्हणतात, मोठं विमान, जास्त माणसं, परदेशी कंपनी. थोडं तसं आहे. पण मला मोठं कारण दिसतं ते असं, की त्या वेळी बातमीदाराला जायला एक जागा होती. रुग्णालयाच्या दारात उभं राहून रोज काहीतरी मिळत होतं. मेमधल्या घटनेत अशी जागा नव्हती. चाक कुणी उचलून ठेवलेलं, विमान मुंबईत, कंपनी परप्रांतात, चौकशी दिल्लीत. लहान विमानांबद्दल माध्यमांच्या मनात आकस असतो, ही विमानवाल्यांची नेहमीची तक्रार. या प्रकरणात मला आकस कुठेच दिसत नाही. बातमीदार सवयीनं जिथे रोज जातो, त्या वाटेवर हे विमान नव्हतं, एवढंच दिसतं. आकस असता तर तो दाखवून देता आला असता. सवय बदलायला जास्त कष्ट पडतात.

चौकशी आणि त्यानंतर

भारतात विमान अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्युरो, म्हणजे एएआयबी, हे स्वतंत्र कार्यालय आहे. २,२५० किलोंहून जड विमानांचे अपघात आणि गंभीर घटना त्याच्याकडे जातात. किंग एअर सी-९० चं उड्डाणावेळचं कमाल वजन साडेचार हजार किलोंच्या घरात असतं, म्हणजे ते यात बसतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा चौकशीचा हेतू पुन्हा तसं घडू नये हा असतो, दोष ठरवणं हा नसतो. शक्यतो १२ महिन्यांत अहवाल यावा, नाहीतर दरवर्षी त्या तारखेला प्रगती कळवावी, असंही त्यात म्हटलं आहे.

अहवाल संकेतस्थळावर येतात, इंग्रजीत, भरपूर पानांचे, कुठलीही पत्रकार परिषद न घेता. त्यात देखभालीच्या नोंदी असतात, सुटे भाग कधी बदलले ते असतं, वैमानिकांचे उड्डाण तास असतात, विमानतळानं काय केलं तेही असतं. पहिल्या रात्री विचारता न आलेल्या प्रश्नांची उत्तरं अशा कागदात मिळतात. त्याची मराठी बातमी कोण करतं? पुढच्या वर्षीच्या डायरीत ६ मेच्या पानावर 'चाक, एएआयबी पाहणे' अशी एक ओळ लिहून ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

एका दैनिकात उपसंपादक असलेल्या मित्रानं मला सुनावलं, "ताई, तेव्हा आमच्याकडे रोज किती माणसं गेली ते छापायला जागा पुरत नव्हती, तुमचं चाक कुठे घेऊन बसता?" हे मी पूर्ण मान्य करते. मे २०२१ मध्ये नागपूरच्या बातमीदारांनी जे पाहिलं आणि लिहिलं, त्याबद्दल मला आदरच आहे, त्यांतले काही स्वतः आजारी पडले. पण त्याच कारणासाठी ही बातमी करोनाचीच बातमी होती. त्या आठवड्यांत नागपुरातली कितीतरी घरं आपल्या माणसाला अशाच विमानात घालायचा निर्णय रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्यानं घेत होती, दागिने मोडून, नातेवाइकांकडून लाखो रुपये गोळा करून.

कंपन्यांनाही मी सोडत नाही. चार्टर आणि एअर ॲम्ब्युलन्सचा धंदा करणारे माध्यमांवर नाराज असतात, पण फोन केला की 'चौकशी चालू आहे' याच्या पलीकडे बोलत नाहीत. चौकशी चालू असतानाही त्या जातीच्या विमानाची तपासणी किती तासांनी होते, कंपनीकडे विमानं किती, देखभाल स्वतः करतात की बाहेरून करून घेतात, एवढं सांगायला कुठला नियम आड येत नाही. ते सांगितलं जात नाही, म्हणून बातमीदार मंत्र्यांच्या कौतुकावर भागवतो. कौतुक झालं म्हणून कंपनीही खूश राहते. नुकसान होतं ते जिला उद्या रात्री दोन वाजता विमान बोलवायचं आहे त्या बाईचं.

तिला काय माहीत हवं, हे आमच्या वर्गानं या प्रकरणावरून काढलं, आणि ते कुठल्याही पेपरला आजही छापता येईल. फोनवर जो बोलतो आहे त्याच्याकडे स्वतःचं विमान आहे की तो मधला दलाल आहे, हे आधी विचारावं, कारण एअर ॲम्ब्युलन्स म्हणून जाहिरात करणाऱ्या बऱ्याच जणांकडे एकही विमान नसतं. भाड्यानं उडण्याचा डीजीसीएचा परवाना कोणाच्या नावावर आहे आणि विमानाची व्हीटी नोंदणी काय, हे लेखी मागावं. सोबत येणारा डॉक्टर अतिदक्षता विभागातला आहे का, वाटेत इंधनासाठी थांबा आहे का आणि तेव्हा रुग्ण विमानातच राहणार का, दोन्ही टोकांची रुग्णवाहिका पैशात धरली आहे का, आणि विमान मध्येच दुसरीकडे उतरलं तर पुढचा खर्च कोणाचा, हेही पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.